थिजायच्या आधी

काल कॅम्पात जाऊन आले. पीटरअण्णाच्या दुकानात. इतकी वर्षं आपण तिथं जात आलो, पण दुकानाच्या आत मी काल पहिल्यांदा पाऊल टाकलं. आत जायचं, निवडून घ्यायचं, थट्टा करायची, हे तुमचं काम. मी बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर पुस्तक उघडून बसायची आणि तुमचं हसणं ऐकू आलं की पिशवी घेऊन उठायची.

तुम्ही गेल्याचं त्याला कळलेलं होतं. मला बघून त्यानं सुरा खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसले.

"बाई, तुम्ही कशाला आलासा? निरोप धाडला असता तर घरात आणून दिलं असतं."

मी म्हटलं, "पाय पाहिजेत. नेहमीएवढे."

नेहमीएवढे म्हणजे चार. डुकराचे चार पाय एकट्या बाईला कशाला, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं असणार. पण माणूस भला, त्यानं ते गिळून टाकलं. चार पाय बांधले. वर अर्धं डोकं ठेवलं, कानासकट. पुडकं बांधता बांधता थांबला, मागं वळला आणि शेपूट आणून आत सरकवलं. शेपूट तुमचं. "हे साहेबाचं!" असं तो दर वेळी मोठ्यानं ओरडायचा आणि तुम्ही म्हणायचा, "साहेब म्हणू नको रं, साहेबाला शेपूट नसतंय." काल तो ओरडला नाही. नुसतं सरकवलं.

तुमच्याविषयी जे सांगायचं ते लोकांनी सांगून झालंय. कारखान्यातल्या मंडळींनी सभा घेतली. तुमचं गाव, तुमचं शिक्षण, उद्यमबागेतल्या फौंड्रीतली तुमची वर्षं, सगळं नीट क्रमानं सांगितलं. चुकीचं काहीच नव्हतं. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे गृहस्थ चांगले दिसतात, पण माझी यांची ओळख नाही. कारण झाकण ठेवलेलं पातेलं तुम्हाला बघवत नसे, हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

आपण भांडलो ते त्या झाकणावरून. दुसऱ्या कुठल्या गोष्टीवरून आपण मनापासून भांडलो असू असं मला आठवत नाही. पाय शिजले की त्याच संध्याकाळी गरम खायचे, हे तुमचं. रात्रभर ठेवायचे, थिजू द्यायचे आणि सकाळी खायचे, हे माझं.

माझं हे कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक होतं, तरी आज पुन्हा सांगते. सांगायला आता दुसरं कुणी नाही. माझे बाबा कॅम्पातल्या एका मेसमध्ये स्वयंपाकी होते. तिथल्या टेबलावर मांडी जायची, बरगड्या जायच्या. डोकं, पाय, कान, जीभ हे मागच्या दारी उरायचं. बाबा ते घरी आणत. मीठ, मिरी, तमालपत्र आणि थोडा शिरका घालून संध्याकाळभर मंद आचेवर ठेवत. जिभेची साल काढत. हाडं वेचून टाकत. मग सगळं मांस एका खोल थाळीत दाबून बसवत, वर तेच पाणी ओतत, त्यावर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. पुढचं काम बेळगावची थंडी करायची. सकाळी थाळी पालथी केली की वडी निघे, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल अशी. आम्ही त्याला थिजवण म्हणत होतो. पुढं शाळेच्या लायब्ररीत नोकरीला लागल्यावर मी हा शब्द तिथल्या सगळ्या कोशांत शोधला. नाही. तो आमच्या दोन खोल्यांपुरताच होता.

आई मी लहान असतानाच गेली होती. बाबा पहाटे मेसला जात. मी उठायची तेव्हा घरात कुणी नसे. ओट्यावर झाकलेली थाळी असे. एक तुकडा शिळ्या भाकरीवर ठेवायचा, खायचा, वेणी आपली आपण घालायची आणि शाळेला जायचं. मला ती चव म्हणजे घर वाटायचं.

आणि तुमच्या घरची तऱ्हा उलटी. निपाणीजवळच्या तुमच्या त्या गावात डुक्कर खाणारी घरं थोडी, आणि खाणारेही चार लोकांत सांगत नसत. म्हणून पाय शिजायचे परसात, तीन दगडांच्या चुलीवर. त्यासाठी एक वेगळं भगुणं होतं, बुडाला पार काळं पडलेलं. ते घरात यायचं नाही. काम झालं की धुऊन गोठ्याच्या वळचणीला पालथं. उसाची वाळलेली पाचट पेटवून तिच्यावर पाय भाजायचे, कातडी करपली की विटेच्या तुकड्यानं खरवडायचे, मग संकेश्वरी मिरची, लसूण, सुकं खोबरं. शिजलं की जाळ काढायचा नाही, वाढून घ्यायचं नाही. भगुण्याभोवतीच बसायचं, हात भाजत, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत खायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी हे बघून दाराशीच उभी राहिले. तुमच्या आई म्हणाल्या, "बस गं पोरी, गार झाल्यावर काय चव ऱ्हातीय?" तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी कुठल्या घरात पडले आहे.

तंबाखूची गोष्ट तुम्हाला आवडत नसे. पण आज तुम्ही थांबवू शकत नाही.

त्याच वर्षी सुगीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि पाचट भिजली. आई म्हणाल्या, उद्या भाजूया, उन्हात वाळू दे. तुम्हाला उद्यापर्यंत कसलं थांबवतंय! शेजारच्या परड्यात तंबाखूच्या वाळलेल्या काटक्या रचलेल्या होत्या, त्यातली कवळभर आणलीत.

"आरं, तमाखूच्या हायत त्या!"

"आग ती आग, आई."

निपाणीच्या मातीत वाढलेला माणूस हे म्हणाला! धूर असा उठला की आधी कोंबड्या पळाल्या, मग शेजारीण ठसकत बाहेर आली. आईंचं डोकं गरगरायला लागलं, तुम्हाला उचकी लागली ती थांबेना. तरीही तुम्ही पाय खरवडलेत, शिजवलेत आणि पहिला घास तोंडात घातलात. तुमचं तोंड मी अजून विसरलेले नाही. कडू जहर. टाकून दिले तर कुत्र्यानं हुंगलं आणि मान फिरवली. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोकं धरून, आणि म्हणाल्या, "मुडद्या, डुकराला इडी वडाय लावलीस व्हय रं!"

त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ती तेव्हा. तुम्ही उचकी देत माझ्याकडं बघितलंत, रागावायला, आणि तुम्हालाच हसू आलं. आपलं लग्न मी त्या दिवसापासून धरते.

पुढं बेळगावात आलो. अनगोळातल्या घरामागं हातभर परस होतं. पहिल्याच रविवारी तुम्ही कुठून तरी तीन दगड आणून तिथं मांडलेत आणि नवं पातेलं वेगळं काढून ठेवलंत. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती. मी म्हटलं, "आत आणा." तुम्ही पातेलं धरून उंबऱ्यात उभे राहिलात. "चालंल?" असं विचारलंत. आपल्याच घरात. मी लाकडाच्या भुशाची शेगडी भरत होते, वर न बघता म्हटलं, "स्वयंपाक स्वयंपाकघरात करतात." तुम्ही आत आलात. नंतर ते तीन दगड तुळशीसारखे तसेच मागं राहिले. तुम्ही त्यांच्यावर बसून विडी ओढायचात.

भाजणं मात्र परसातच, आणि पाचटीवरच. बाबा उकळत्या पाण्यात बुडवून केस काढायचे, तसंच मी सुचवून बघितलं. तुम्ही म्हणालात, "ती आंघोळ झाली गं, भाजणं न्हवं." त्या बाबतीत तुमचं खरं होतं. भाजलेल्या कातडीचा वास पाण्याला येत नाही, मी ते मान्य केलं आणि पुन्हा कधी वाद घातला नाही. पण बेळगावात पाचट कुठली? मग गावाहून येताना भारा एसटीत. कंडक्टर आधी कानडीत ओरडला, मग मराठीत.

"ओ मालक, बेळगावात म्हस पाळलीसा काय?"

"न्हाय, बायकू पाळलीया."

अख्खी गाडी हसली. मी खिडकीशी, मांडीवर पुस्तक. मी मान वर केली नाही, पण पान एकच होतं ते, संकेश्वरपासून बेळगावपर्यंत.

रविवार आठवतात ते असे. तुम्ही परसात उकिडवे, पकडीत पाय धरून जाळावर फिरवताय. खूर तापला की त्याच पकडीनं एका झटक्यात उपटायचा, तो टक् आवाज मला आतपर्यंत यायचा. कानातले केस जाळायला तुम्ही सळई लाल करून घ्यायचात आणि इतक्या हलक्या हातानं फिरवायचात की डुकराचा कान नव्हे, लेकराचा कान वाटावा. मग सगळं धुऊन, हळद चोळून माझ्या हवाली. पाटा माझा. मिरची तुमच्या गावची, तमालपत्र आणि शिरका माझ्या बाबांचा. असं करत करत एक तिसरंच कालवण झालं, जे ना तुमच्या आईंचं होतं ना माझ्या बाबांचं. ते शेगडीवर चढलं की मी बाहेरच्या खोलीत वाचत बसायची. भुसा मंद जळायचा. आणि दिवेलागणीच्या सुमाराला स्वयंपाकघरातून तो आवाज यायचा. झाकणाचा.

"झाकण वाजलं का?"

"मांजर असंल."

"मांजर हूऽ हूऽ करून फुंकर घालत नाही."

मग, "मांजराचं तोंड भाजलं असंल गं."

सुमन लहान होती तेव्हा तुम्ही तिलाही कटात घेतलंत. मी आत जायची तर बापलेक दोघांच्या बोटांना लाल तेल. मी चिडायची. एकदा तरी थिजू दे म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "साकु गं, साकु." कानडीतलं हे 'पुरे' तुम्ही फक्त याच भांडणात वापरायचात. आणि मग ताटं मांडली जायची, आणि सकाळसाठी काही उरायचं नाही. पातेल्याच्या कडेला चिकटलेलं बोटभर काही उरलं, तर ते मी सकाळी खरवडून बघायची. तेवढ्यावरून कळायचं की मसाल्याचंही थिजवण होऊ शकतं. पण पातेलंभर थिजलेलं मी या घरात कधी बघितलं नाही.

एका थंडीत मी ते फारच मनावर घेतलं. पातेलं कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. हो, तुम्ही हसाल, पण लावलं. तुम्ही कपाटासमोर उभे राहिलात आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणालात, "गार खायचं ते एकल्या माणसानं. घरात माणसं असताना गार का खावं?"

मी किल्ली दिली. त्या संध्याकाळी जेवले नाही. मला वाटलं, तुम्ही बाबांना नावं ठेवलीत. त्यांच्या थाळीला, वरवंट्याला, माझ्या त्या सगळ्या सकाळींना. पुढं कधीतरी, तुम्ही कामावर आणि सुमन शाळेत असताना, भाजी निवडता निवडता माझ्या लक्षात आलं की बाबांनी थिजवण करायला घेतलं ते आई गेल्यावर. त्याआधी आमच्याकडं पाय गरमच खात असावेत. पहाटे निघून जाणाऱ्या माणसाला मुलीसाठी जे ठेवता येईल ते ते ठेवत होते. हे तुम्ही कपाटासमोर उभ्या उभ्या ओळखलंत. मला इतकी पुस्तकं वाचून ओळखता आलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ओळखायचं नव्हतं मला. तुम्हाला ते मी सांगितलं नाही. वाद चालूच ठेवला. खरं तर मला तो जिंकायचा नव्हता. संध्याकाळी वाचायला बसले की माझं अर्धं लक्ष पुस्तकात आणि अर्धं आत असे. झाकण वाजलं की मला बरं वाटायचं. हेही सांगायचं राहिलं.

मग दवाखाना. शेवटी शेवटी तुम्ही बोलायचात थोडं, आणि ते बहुतेक खाण्याबद्दल. त्या दिवशी दुपारी डोळे मिटूनच म्हणालात, "घरला गेलो की पाय कर."

"करते."

"आणि ह्या बारीला थिजू दे. मी झाकण उचलत न्हाय. सकाळपत्तोर थांबतो."

लग्न झाल्यापासून मी जे ऐकायला टपले होते ते तुम्ही म्हणालात. भिजलेली पाचट वाळेपर्यंत ज्याला थांबवलं नाही, तो माणूस थांबतो म्हणत होता. माझ्या तोंडावर आलं होतं, नको, थांबू नका, तुम्ही गरमच खा, उकळतं खा. पण नर्स आली, पडदा सरकला आणि मी म्हटलं, "बरं."

तेवढंच. तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य 'बरं' नव्हतं, नंतरही पाणी हवं का, कूस बदलू का, असलं पुष्कळ बोलले. पण माझ्या कानात ते 'बरं' राहिलंय.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर सुमन धारवाडला हॉस्टेलवर गेली. परीक्षा जवळ आलीय. "आई, मी राहू का?" म्हणाली. मी जा म्हटलं. ती गेल्यावर घर नीट लावलं आणि मग नीट लावलेल्या घरात काय करायचं ते सुचेना. म्हणून काल कॅम्पात गेले.

माळ्यावर पाचटीचा शेवटचा भारा होता, दिवाळीत तुम्ही आणलेला. तुमची पकड मोरीच्या खिळ्याला होती, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तुमच्या दगडावर बसले. पाचट भसकन पेटते हे मी आतून बघितलेलं. जवळ बसून तिची झळ किती लागते ते माहीत नव्हतं. पहिला पाय एका अंगानं करपला, दुसऱ्या अंगानं कच्चा. खूर निघेना. पुन्हा तापवला, पुन्हा ओढला, तो एकदम सुटला आणि मी मागं भिंतीवर आपटले. पकडीत खूर, पदराला राख. तुम्ही असता तर ही गोष्ट पुढची दहा वर्षं एसटीत सांगितली असती. शेजारच्या अंगणात कुणी तरी रेडिओ लावला होता, तेवढाच आवाज. मी उठून दुसरा पाय घेतला.

कान मला जमला नाही. सळई तापवली, पण हात तुमच्यासारखा हलका पडेना. तसाच घातला.

शेगडी भरली, पातेलं चढवलं, शेपूट सगळ्यात वर ठेवलं, झाकण लावलं आणि बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले. वास तसाच आला. आधी लसूण, मग मिरची, मग तो जड, गोडसर वास, जो आला की तुम्ही फेऱ्या घालायला लागायचात. दिवेलागण झाली. मी पान उलटलं नाही. शेगडीतला भुसा खाली बसला, त्याचा आवाज आला. झाकणाचा आला नाही.

मी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. पातेलं खिडकीखाली गारठ्यात ठेवलं. तुम्ही थांबतो म्हणाला होता.

आज सकाळी उठल्यावर आधी तोंड धुतलं, चहा केला, खिडकी उघडली. बाहेर धुकं होतं. शेवटी झाकण काढलं.

थिजलं होतं. गडद लाल, काठाला चरबीचा पांढरा घेर, आणि मधोमध तुमचं शेपूट, अर्धं आत, अर्धं बाहेर. पातेलं हलवून बघितलं, आतलं हललं नाही. इतकं घट्ट बाबांचंही होत नसे. चमच्यानं एक तुकडा काढला, रात्रीच्या भाकरीवर ठेवला.

चांगलं होतं हो. फार चांगलं. तुमच्या गावची मिरची गारठ्यात गप्प होते आणि मागून, हळूच येते. कातडी दाताखाली मऊ, कानाची कूर्चा करकरीत. करपलेला वाससुद्धा कुठं तरी मागं होता. मी म्हणत होते ते खरं होतं. इतकी वर्षं मी खरं तेच सांगत होते.

दुसरा घास घेतला. चावताना घरात माझाच आवाज येत होता. ओट्याशी उभी राहून, गार भाकरीवर गार तुकडा. वेणीसुद्धा घालायची राहिली होती.

मी घास खाली ठेवला. स्टोव्ह पेटवला आणि पातेलं वर चढवलं. आधी कडेनं सुटलं, मग मधला गोळा सरकला, बुडाशी फुटला, आणि शेपूट एका बाजूला कललं. तेलाचा पहिला बुडबुडा आला तसं मी झाकण लावलं. आणि उकळी यायच्या आधीच उचललं. बोटानं शेपटाचं टोक ओढलं, भाजलं, तोंडात घातलं, तोंडही भाजलं. हूऽ हूऽ करत फुंकर घातली. हातातलं झाकण सुटलं आणि ओट्यावर खणखणत फिरत राहिलं.

बाहेरच्या खोलीतून कुणी काही विचारलं नाही. तरी मी सांगितलं, "मांजर असंल."